वाळल्यावर फिकी पडणारी शाई

शाईचं वेड घरात लपवून ठेवता येत नाही, कारण ते बोटांना लागतं. हात्सुए नोझोएच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर कायम कुठला ना कुठला रंग असायचा, कधी जांभळा, कधी शेवाळी. ती दातांच्या दवाखान्यात स्वागताला बसायची, आणि येणारे पेशंट दात दाखवायच्या आधी तिच्या बोटाकडे बघायचे. नवरा कुनिओ म्हणायचा, "एवढ्या दौती आणतेस, एखादी तरी स्वयंपाकात वापर. सोया सॉसचा खर्च वाचेल." दौती मोजायचं मात्र दोघांनीही टाळलं होतं, आणि त्यातच संसाराचं सुख होतं.

या वेडाचं मूळ शोधायला लांब जायला नको. ते कानाझावातच नदीपलीकडे राहत होतं आणि त्याचं नाव सुमाको. कुनिओची थोरली बहीण, म्हणजे हात्सुएची नणंद. दोघंही तिला ओनेसान, म्हणजे ताई, म्हणायची. सुमाकोबाईंनी आयुष्यभर गल्लीतल्या पोरांना ब्रशने अक्षरं गिरवायला शिकवलं. त्यांच्या वर्गात एक नियम होता: एकदा ओढलेल्या रेघेवर पुन्हा ब्रश फिरवायचा नाही. वाकडी गेली तर गेली, वर सारवासारव करायची नाही. पोरं रडायची, पण नियम मोडायची नाहीत.

लग्नानंतर हात्सुएने पाहुण्यांना आभाराची कार्डं लिहिली, तेव्हा या बाईंनी गठ्ठ्यातलं वरचं कार्ड उचललं, उजेडात धरलं आणि अगदी मायेने विचारलं, "कोंबडी पाळलीय का गं तुम्ही?" सगळे हसले. हात्सुएही हसली. मग न्हाणीघरात जाऊन रडली, आणि लगेच तिने पोस्टाने चालणारा अक्षरसुधारणेचा वर्ग लावला. वर्गापायी चांगलं पेन आलं, पेनापायी चांगला कागद, आणि कागद आल्यावर शाई काय थांबते? अक्षर वळणदार झालं. दवाखान्याचे डॉक्टर दारावरची पाटी तिच्याकडून लिहून घेऊ लागले, शेजारीपाजारी लग्नाच्या पाकिटांवर नावं घालायला येऊ लागले. दर नवीन वर्षाला नणंदेचं कार्ड ती अनेक कार्डं वाया घालवून लिहायची आणि मग फोनची वाट बघायची. नणंद म्हणायची, "कार्ड पोचलं हं." तीस वर्षं ते कार्ड नुसतं पोचत होतं.

पूल उतरल्यावर कागद-पेनांचं एक जुनं दुकान आहे. तिथे वर्षातून एकदा एक शाई मिसळून देणारा माणूस येतो. आपल्या मनातला रंग सांगायचा, तो थेंबाथेंबाने समोर तयार करून देतो. त्या वर्षी हात्सुएने सांगितलं, "बर्फ पडायच्या आदल्या दिवशीचा समुद्र." तो माणूस हसला नाही, म्हणून तिला तो आवडला. त्याने जी शाई दिली ती लिहिताना जवळजवळ काळी दिसायची, आणि वाळत जाईल तशी फिकी होत होत करड्या धुक्यासारखी उरायची. रेघेच्या टोकाला, जिथे शाई साचते, तिथे तेवढी एक गडद कड राहायची. हात्सुएने तिचं नाव ठेवलं 'उद्या बर्फ', आणि पुढचे काही दिवस ती किराणाही त्याच शाईने लिहू लागली.

त्याच सुमारास सुमाकोबाईंच्या पोटात गाठ निघाली. इस्पितळात दाखल केलं. ऑपरेशन लवकर करायला हवं, डॉक्टर म्हणाले, केलं तर बाई खडखडीत बऱ्या होतील. भेटायला जाताना आजाऱ्यासाठी पैशाचं पाकीट न्यायचं, त्यावर देणाऱ्याचं नाव घालायचं. "नाव घाल पटकन, मी गाडीवरचा बर्फ काढतो," म्हणून कुनिओ खाली गेला.

काळी शाई आणि ब्रश कपाटात होते. टेबलावर जाड निबेचं पेन उघडंच पडलं होतं, त्यात 'उद्या बर्फ' भरलेली. हात्सुएने कपाटाकडे पाहिलं, पेनाकडे पाहिलं. घाई होती हे खरं, पण घाईपेक्षा खरं असं की आजारी बाई दिवसभर पडून असणार, तिच्याजवळ वेळच वेळ असणार, आणि एवढा वेळ असल्यावर ती पाकिटाकडे नीट बघणारच, असा विचार तिच्या मनात येऊन गेला. तिने लिहिलं: नोझोए कुनिओ, बाजूला हात्सुए. कुनिओच्या शेवटच्या अक्षराचा उजवीकडे उतरणारा फराटा तर असा गेला की ती बघतच राहिली. ओली अक्षरं काळीभोर होती. खाली हॉर्न वाजला.

इस्पितळात कुनिओ गाडी लावायला जागा शोधत फिरत राहिला आणि हात्सुए एकटीच वर गेली. कापडाच्या घडीतून पाकीट काढलं तेव्हा अक्षरं वाळली होती आणि रंग असा उतरला होता की तिचा तिलाच हेवा वाटला. सुमाकोबाईंनी ते दोन्ही हातांनी घेतलं, देणाऱ्यासमोर बघायचं नसतं म्हणून न बघता खणात ठेवलं आणि म्हणाल्या, "एवढ्या बर्फातून कशाला आलात?" घरी येताना हात्सुए जराशी खट्टू होती. एवढं लिहिलं आणि बघितलं नाही, म्हणून.

पुढच्या रविवारी शाईवेड्यांची बैठक होती. ही मंडळी एका कॉफीच्या दुकानात जमतात, एकमेकांना इवल्याशा कुप्यांतून शाई वाटतात आणि काचेचे टाक बुडवून कागदभर रेघोट्या मारतात. हात्सुएने मोठ्या ऐटीत आपली दौत मध्ये ठेवली. मोरोझुमी नावाच्या गप्पिष्ट म्हाताऱ्याने रेघ मारली, फुंकर घातली, वाळू दिली.

"वा, ही कामाची आहे," तो म्हणाला. "आमच्या वयात सारखं कुणी ना कुणी जातंच. शोकाच्या पाकिटासाठी वेगळं फिकं ब्रशपेन बाळगायला नको."

टेबलाभोवती सगळे हसले. हात्सुएने मात्र हातातला टाक खाली ठेवला. माणूस गेला की पाकिटावर फिक्या शाईने लिहायचं, डोळ्यातलं पाणी दौतीत पडलं आणि काळी शाई पातळ झाली म्हणून. हे तिला काय कुणी शिकवायला हवं होतं? अख्ख्या गल्लीची शोकाची पाकिटं तिनेच लिहिली होती. पण वर्षानुवर्षं या टेबलावर बसून करडा हा तिच्यासाठी नुसता एक रंग होऊन बसला होता, कुणाचा गडद, कुणाचा निळसर. आणि तिने जिवंत, आजारी, ऑपरेशनला निघालेल्या बाईला मयताचं पाकीट दिलं होतं. त्यावर नाव घातलं होतं ते त्या बाईच्या सख्ख्या भावाचं.

कॉफी तशीच टाकून ती घरी आली. कुनिओ फोनवर होता. पलीकडे सुमाकोबाईंचा मुलगा युकिनारी.

"ऑपरेशनच्या कागदावर सही करत नाही म्हणजे काय?" कुनिओ ओरडत होता. "गेल्या आठवड्यात तर तयार होती! कुणी काही बोललं का तिला?"

फोन ठेवून तो हात्सुएकडे वळला. "ओनेसान म्हणते, इतकी काय घाई, वसंतात बघू. डॉक्टर म्हणतात, वसंतापर्यंत थांबलात तर मग आम्ही हात लावणार नाही. कुणीतरी तिच्या मनात भरवलंय काहीतरी. सापडला ना, तर सोडणार नाही मी."

हात्सुए मुळा किसत होती. ती किसतच राहिली, बोट खरवडेपर्यंत. सांगावंसं वाटत होतं. कुनिओ वाईट माणूस नव्हता, पण एकदा धरलेली गोष्ट सोडायचा नाही, आणि ही तर त्याने मरेपर्यंत सोडली नसती. तिला स्वतःची लाज वाटली, की नणंदेच्या जिवाचा प्रश्न असताना आपण नवऱ्याच्या बोलण्याला भितोय. तरी ती गप्प राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने दवाखान्यातून अर्धी रजा घेतली. काळी शाई वडी उगाळून घट्ट केली आणि ब्रशने नवीन पाकीट लिहिलं. ज्या हाताचं गल्लीत कौतुक होतं, त्याच हाताने चांगली पाच-सहा पाकिटं फुकट घालवली. बेत साधा होता, चोराचे असतात तसा. नणंदबाईंना तपासणीला नेतील, तेवढ्यात खण उघडायचा, जुनं काढायचं, नवीन ठेवायचं. त्यांनी अजून पाहिलं नसेल तर देव पावला. पाहिलं असेल तर वाटेल, डोळ्यांचा भास.

पलंग रिकामाच होता. पडद्यापलीकडची बाई घोरत होती. हात्सुएने खण ओढला. रुमाल, चष्म्याचं घर, आणि खाली पाकीट.

पाकिटावरची अक्षरं काळी होती.

क्षणभर तिला हायसं वाटलं. आपण काळ्यानेच लिहिलं होतं, बाकी सगळे मनाचे खेळ. मग ती पाकीट घेऊन खिडकीशी गेली. बाहेर बर्फ होता, उजेड लख्ख होता. काळ्या रेघांच्या कडेने करडी किनार डोकावत होती. कुणीतरी तिचंच अक्षर वरून गिरवलं होतं. हात कापलेला, कुठे रेघ बाहेर गेलेली, कुठे मधेच टेकून पुन्हा सुरू केलेली. पहिल्या दिवशी ब्रश धरलेल्या पोराने गिरवावं तसं. फक्त कुनिओच्या शेवटच्या अक्षराचा उजवा फराटा तसाच करडा सोडला होता.

"पैसे परत न्यायला आलीस?" मागून आवाज आला. "कुनिओची नोकरी गेली की काय?"

सुमाकोबाई सलाइनच्या दांड्याला धरून पडद्याशी उभ्या होत्या. अर्ध्या झाल्या होत्या बाई. हात्सुएच्या एका हातात जुनं पाकीट होतं आणि दुसऱ्या हातात नवीन.

"ओनेसान," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

"उभी राहून रडू नकोस. शेजारच्या बाईंना वाटेल मी गेले." सुमाकोबाई सावकाश पलंगावर टेकल्या. "बस. नळी सांभाळून."

"मला माहीत होतं," हात्सुए म्हणाली. "ती वाळल्यावर फिकी पडते हे मला माहीत होतं. तुमच्या हातात देताना मी पाहिलीसुद्धा होती. मयताचं माझ्या मनात आलं नाही, खरंच नाही आलं. मला एवढंच वाटत होतं की तुम्ही बघावं. माझं अक्षर बघावं."

सुमाकोबाईंनी सलाइनची नळी सरळ केली.

"बघितलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही गेल्यावर चष्मा लावून बघितलं. वाटलं, डॉक्टरांनी यांना काहीतरी सांगितलंय, आणि मला सोडून सगळ्यांना माहीत आहे. मग एक दिवस कुनिओ एकटाच पुन्हा आला, इथे बसून सफरचंद सोलत होता. मी त्याच्या तोंडाकडे बघत बसले, आता रडेल, मग रडेल. आणि तो गाढव अर्धं सफरचंद सालाबरोबर टाकत होता आणि गाडीच्या टायरबद्दल बोलत होता. तेव्हा कळलं, याला काही माहीत नाही. म्हणजे तुझाच काहीतरी घोळ."

"मग सही का नाही केलीत?"

"कळून काय होतं गं? रात्री दिवा घालवला की ते नाव दिसायचं. सही करायला हात उचलत नव्हता." त्यांनी हे रागाने म्हटलं नाही, आणि तेच हात्सुएला सोसेना. "घाबरले मी. आता लपवून काय करू?"

पायांतल्या इस्पितळाच्या सपाता हात्सुएला उगीचच फार मोठ्या वाटत होत्या.

"आणि हे गिरवलं कधी?"

"काल. ब्रशपेन असतं माझ्या पिशवीत. कुनिओ कधीतरी खण उघडणार, स्वतःचं नाव बघणार. त्याचा स्वभाव मला ठाऊक आहे, मी वाढवलाय त्याला. तुला जन्मभर ऐकवत बसला असता."

"पण तुम्हीच सांगता ना, गेलेल्या रेघेवर ब्रश फिरवायचा नाही."

"ते पोरांना सांगते. पोरांना काय सगळंच खरं सांगतात?"

हात्सुएने पाकीट पुन्हा उजेडात धरलं. विचारायला नको होतं, पण इतक्या वर्षांची खोड. "हा फराटा का सोडलात?"

सुमाकोबाईंनी चष्मा लावला, पाकीट हातात घेतलं, लांब धरलं, जवळ आणलं. "याच्यावर ब्रश टेकवला होता, मग उचलला. हात लावला असता तर बिघडला असता." त्यांनी पाकीट तिच्याकडे परत दिलं. "चांगला उतरलाय. मला असा कधी जमला नाही. आणि एवढ्या फराट्याने कुनिओला काही कळत नाही, त्याला सफरचंद कळत नाही."

तीस वर्षं ज्या शब्दांची वाट बघितली, ते असे आले. हात्सुएला वाटलं, यापेक्षा बाईंनी मुस्कटात मारली असती तर बरं झालं असतं. तिला आनंद झाला होता. सगळ्यात भयंकर तेच होतं. या बाईला झोपू न देणाऱ्या त्या पाकिटावरची एक रेघ चांगली उतरली, हे ऐकून तिच्या मनाचा एक कोपरा सुखावला होता, आणि त्या कोपऱ्याला काय शिक्षा करावी तिला समजेना.

"ओनेसान, सही करा," ती म्हणाली. "मी हात जोडते. वाटलं तर पुन्हा माझ्या घरी पाऊल टाकू नका, पण सही करा."

"पेन आहे?"

हात्सुएने पर्समधून पेन काढलं. सुमाकोबाईंनी हात पुढे केला नाही. "यात काय भरलंय?"

"काळी."

"लिहून दाखव."

जेवणाच्या ताटाखालचा कागद होता. हात्सुएने त्यावर एक रेघ मारली. काळी, ओली, चमकणारी.

"आता थांबू," सुमाकोबाई म्हणाल्या. "वाळू दे."

दोघी त्या रेघेकडे बघत बसल्या. पडद्यापलीकडे घोरणं थांबलं, पुन्हा सुरू झालं. हात्सुएने आयुष्यात किती रेघा वाळताना पाहिल्या होत्या, हौसेने, भिंग लावून. इतका जीव मुठीत धरून एकही पाहिली नव्हती. रेघेची चमक गेली. रेघ काळीच राहिली. सुमाकोबाईंनी तिच्यावर अंगठा फिरवला, अंगठा तपासला, आणि म्हणाल्या, "आण तो ऑपरेशनचा कागद."

सही झाली. सही करून पेन परत देताना त्या मिस्कील हसल्या. "आणि ती दुसरी शाई फेकू नकोस हं. रंग सुंदर आहे. मी जाईन तेव्हा माझ्या पाकिटावर तीच घाल. पण तोवर झाकण उघडायचं नाही. कबूल?"

हात्सुएला हो म्हणावं लागलं.

ऑपरेशन नीट पार पडलं. वसंतात सुमाकोबाईंनी भेटायला आलेल्या सगळ्यांना रिवाजाप्रमाणे साबणाच्या वड्या पाठवल्या, झिजून जाव्यात आणि त्यांच्याबरोबर दुखणंही जावं म्हणून. कुनिओला शेवटपर्यंत काही कळलं नाही. ते गिरवलेलं पाकीट कुठे गेलं, हे हात्सुएने कधी विचारलं नाही.

दौत मात्र घरात राहिली. फडताळात सगळ्यांत मागे, हिरव्या शायांच्या आड. पण दुसरी कुठलीही दौत काढायला हात घातला की तीच आधी दिसायची. फिकी शाई म्हणजे काय, तर मरणाची आम्हाला कल्पना नव्हती, शाई नीट उगाळण्याइतकीही आमची तयारी नव्हती. आणि इथे फडताळात एका जिवंत बाईच्या मरणाची शाई तयार ठेवलेली. वापरावी तर शब्द मोडतो, फेकावी तरी मोडतो, आणि ठेवावी तर आपण वाट बघत बसल्यासारखं. बैठकीला जाणं हात्सुएने कमी केलं. बोटं आताशा स्वच्छ असायची. "बरी आहेस ना?" कुनिओ विचारायचा.

नवीन वर्षाच्या जेवणाला सुमाकोबाई दरवर्षी यायच्या, तांदळाची चिकट मोची चावून चावून खायच्या आणि सगळ्यांच्या देखत म्हणायच्या, "हात्सुए, ती दौत आहे ना?" युकिनारी हसायचा. कुनिओ सगळ्यांना सांगायचा, "ओनेसानलाही लागलं बघा शाईचं वेड." हात्सुए म्हणायची, "आहे, ओनेसान," आणि सूप आणायला उठायची.

एक गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही. दौतीचं झाकण सैल ठेवणाऱ्या माणसाला ती स्वतः बैठकीत फाडून खायची, कारण सैल झाकणातून पाणी उडतं, शाई आटते, घट्ट होते, रंग बिघडतो. पाच वर्षांपूर्वी एका दुपारी तिने 'उद्या बर्फ'चं झाकण अर्धा वेढा सैल केलं आणि दौत परत मागे सरकवली. झाकण उघडलं नव्हतं, नुसतं सैल केलं होतं. असं तिने स्वतःला समजावलं.

या हिवाळ्यात, कुनिओ केस कापायला गेला असताना, तिने दौत बाहेर काढली. शाई निम्म्याहून कमी झाली होती. तिने काचेचा टाक बुडवला आणि कागदावर फक्त एक फराटा ओढला, डावीकडून उजवीकडे, खाली. मग हात मांडीवर ठेवून वाळायची वाट बघत बसली. चमक गेली. रेघ गडद राहिली, तळलेल्या वांग्याच्या सालीसारखी काळी. ती आता शोकाच्या पाकिटावर चालणारी नव्हती. हात्सुएला इतकं बरं वाटलं की तिला हसू आलं, आणि हसता हसता वाटलं, हेही आपण चोरूनच केलं.

तेवढ्यात फोन वाजला. सुमाकोबाई. मुळा फार झालाय, लोणच्याला घेऊन जा म्हणाल्या. मग थोडं थांबून विचारलं, "दौत आहे ना गं?"

"आहे, ओनेसान."

"झाकण घट्ट आहे ना?"

हात्सुएने बोटावरच्या काळ्या डागाकडे पाहिलं. "घट्ट आहे," ती म्हणाली.